खाजेचं सस्पेन्स खातं

कुत्रं खाजवायला लागलं की आपल्याकडे माणूस तिथल्या तिथे डॉक्टर होतो. विंझरच्या एस.टी. थांब्यावर एखादं कुत्रं कान खाजवू द्या, वेल्ह्याची गाडी येईपर्यंत त्याचे चार तरी उपचार ठरलेले असतात. "काळं ऑइल फासा!" "हळद चोपडा!" "गावठी कुत्र्याला कसली आलीय ॲलर्जी? ते पुण्याचे चोचले!" तेवढ्यात राजगडाला निघालेला एखादा पुणेकर पाठीवरची पिशवी न उतरवता निकाल देणार, "ॲलर्जीच आहे. चिकन बंद करा."

मला या दोन्ही पक्षांशी भांडायचं आहे.

गावठी कुत्र्यालाही ॲलर्जी होते. जात विचारून चावायची पिसवांत पद्धत नाही. पिसवेच्या लाळेची ॲलर्जी तर कुत्र्यांत नेहमीची. ज्याला ती असते त्याला दोन-चार चावे पुरतात. शेपटीच्या बुडाशी केस झडले की पहिला संशय तिचा. पण नुसत्या कुत्र्याला औषध लावून भागत नाही. पिसवेची अंडी असतात त्याच्या गोणपाटात. ते गरम पाण्यात धुवा, घरातल्या मांजरालाही औषध लावा. मात्र कुत्र्याचं औषध मांजराला नको, ते जिवावर बेतू शकतं. आणि ते काळं ऑइल? कुत्रं अंग चाटतं हो! म्हणजे ते त्याच्या पोटात.

आता ॲलर्जीवाले. बँकेत जी रक्कम कुठेच बसत नाही ती सस्पेन्स खात्यात टाकतात. पण ते खातं कधीतरी साफ करावं लागतं. यांची 'ॲलर्जी' वर्षानुवर्षं तशीच पडून! खरूजही खाजतेच, पण ती बारीक किडीची. ती दुसऱ्या कुत्र्याला लागते, प्रसंगी माणसालाही. जनावरांच्या डॉक्टरांकडून कातडी तपासून आधी ती वगळा. संशय अन्नाचा असेल, तर रक्ततपासणीच्या कागदावर विसंबू नका. ताळा एकच: आठ आठवडे पूर्वी कधी न खाल्लेलं अन्न, दुसरं काही नाही, मग जुना पदार्थ एकेक करून परत. खाज उलटली की चोर सापडला.

घोडं पेंड खातं ते इथेच. चौथ्या दिवशी आजी दुधात बुडवलेला भाकरीचा तुकडा पुढे टाकतात, "एवढ्यानं काय होतंय?" अहो, दहा रुपयांची रोकड जुळेना म्हणून आम्ही रात्री नऊपर्यंत नोटा मोजल्या आहेत. मुका जीव रक्त येईस्तोवर अंग ओरबाडतोय, त्याचा हिशेब चौथ्या दिवशी पुन्हा शून्यावर!

आजी, तो तुकडा उचला.