अर्धी प्रॉपर्टी? कोणाची?

परवा मिहानच्या कॅन्टीनमध्ये पुन्हा तोच जोक झाला. "लग्न करू नको बे, डिव्होर्स झाला की बायको अर्धी प्रॉपर्टी घेऊन जाते!" सगळे हसले. मला काही हसू आलं नाही. माझी मावसबहीण वर्षभर नागपूरच्या कोर्टात चकरा मारतेय, आणि अर्धं सोडाच, घराची एक वीटही तिच्या वाट्याला येत नाहीये.

तर मंडळी, आधी कायदा बघू. हिंदू विवाह कायदा, १९५५. लग्नानंतर कमावलेल्या मालमत्तेची वाटणी असा प्रकारच त्यात नाही. कलम २७ आहे, पण ते लग्नाच्या सुमारास दोघांना मिळून दिलेल्या वस्तूंपुरतं. बाकी ज्याच्या नावावर घर, त्याचं घर. कलम २४ आणि २५ खाली पोटगी मिळते, ती नवराही मागू शकतो. बस्स, संपलं.

ताईचं घर कॅलिफोर्नियात, भाऊजींच्या एकट्याच्या नावावर. तिथला कायदा म्हणतो, संसार चालू असताना कमावलेलं साधारणपणे दोघांचं, निम्मं-निम्मं, कागदावर नाव कोणाचंही असो. मग भाऊजींनी केस कुठे टाकली? नागपुरात! लग्न इथेच लागलं होतं ना. तिकडे वकील लावायचा तर डॉलर पाहिजेत, ते ताईकडे नाहीत.

"मग इतकी वर्षं नोकरी काहून नाही केली?" असं आमचे काका विचारतात. काका, एच-४ व्हिसा! मे २०१५ पर्यंत त्यावर नोकरीला परवानगीच नव्हती, नंतरही ठराविक लोकांनाच मिळाली. ताई गेली २००८ ला. तुम्ही म्हणाल, ईएमआय तर त्याच्या पगारातून गेला. बरोबर. पण तो रात्री दोन वाजता ऑन-कॉल असायचा तेव्हा तापलेल्या पोराला कोण सांभाळत होतं? त्याचा हिशोब कोणत्या कॉलममध्ये लिहायचा?

आम्ही कळमन्याचे. संत्र्याच्या सीझनमध्ये मार्केट यार्डात जाऊन बघा. माल सगळ्यांसमोर, बोलीही सगळ्यांसमोर. दोन अडत्यांनी भागीदारी मोडली तर वही काढून बसतात. "दुकान माझ्या नावावर, तुला महिन्याला थोडं देत जाईन" असं कोणी म्हटलं तर ऐकून घेतील का? संसारात मात्र वहीच नाही.

ती वही मागायला कोर्टाने सुरुवात केली, तीही नागपूरच्याच केसमध्ये. 'रजनेश विरुद्ध नेहा'. इथल्या कुटुंब न्यायालयाने २०१५ मध्ये पत्नीला महिना १५,००० रुपये अंतरिम पोटगी दिली. अर्ज २०१३ चा, सुप्रीम कोर्टाचा निकाल ४ नोव्हेंबर २०२० चा. 'अंतरिम' पोटगीला सात वर्षं! त्या निकालाने ठरवलं की दोघांनीही उत्पन्न, मालमत्ता आणि कर्ज शपथपत्रावर सांगायचं, परदेशात असाल तर तिथला पगार आणि टॅक्सही. आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून. उत्तम झालं. पण कॅलिफोर्नियाचं घर त्यात दिसलं तरी पोटगीचा आकडा ठरवताना फक्त मोजलं जाईल. वाटलं जाणार नाही.

पत्नीला वाटा देणारं विधेयक आलं होतं. राज्यसभेत २०१३ मध्ये पासही झालं, आणि २०१४ मध्ये लोकसभेबरोबर बुडालं. शेजारच्या गोव्यात मात्र पोर्तुगीज काळापासूनचा कायदा आहे: लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर मालमत्ता दोघांची. तिथले संसार काही रस्त्यावर आले नाहीत.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. पोटगी हा खर्चाचा प्रश्न, घर हा मालकीचा. एक देऊन दुसरं मिटत नाही. कायदा बदलेल तेव्हा बदलेल, तोवर ज्यांचं छान चाललंय त्यांनीच घराच्या कागदावर दोन नावं घाला. भांडण झाल्यावर कोणी घालत नाही.

त्या जोकवाल्याला मी विचारलं, "बेस्याच्या फ्लॅटवर वहिनींचं नाव आहे?"

"नाही."

"मग अर्धं नेईल कुठून बे?"