माळ्यावरची अमानत



रमजानच्या आधी घराची साफसफाई काढली आणि माळ्यावरून गोणपाटात गुंडाळलेली एक जड वस्तू खाली आली. वर उघडं सिलिंडर, त्याला लागून पितळेची टाकी, खाली लांब नळी आणि टोकाला पाण्यात फिरणारा पंखा. होडीच्या मागच्या फळीला अडकवायची मोटर. वर्सोव्यात राहणाऱ्याला हे वेगळं सांगावं लागत नाही.

आमचे अब्बा, अल्लाह त्यांची मगफिरत करो, जेट्टीजवळ मशीन दुरुस्तीचं लहानसं दुकान चालवायचे. त्यामुळे माळ्यावर पाने, प्लग, कॉइली निघाल्या त्याचं नवल वाटलं नाही. माझ्या मुलाने मोटरचे फोटो काढून दोघा-तिघांना पाठवले. भंगारवाल्याने पितळेचा भाव सांगितला. जुन्या वस्तू विकणारा एक जण बारा हजार द्यायला तयार झाला. घरात लगेच हिशेब सुरू झाले.

मला मात्र एक गोष्ट टोचत होती. आमच्याकडे होडी कधीच नव्हती. मग ही मोटर कुणाची?

मुलगा तोवर तारेचा ब्रश घेऊन गंज घासायला बसला होता. मी त्याला थांबवलं, पण नंबराचं पहिलं अक्षर तेवढ्यात पुसट झालंच. जुनी मोटर हाती आली की आधी ओळख पटवावी, मग साफ करावी. रंग उडतो, टाकीवरचं नाव जातं, पण धातूवर ठोकलेला नंबर राहतो. तो घासू नये, त्यावर रंग लावू नये. खडूची पूड चोळून तिरप्या उजेडात पाहिलं की पुसट आकडेही वाचता येतात.

होडीच्या बाहेर अडकवायची मोटर लोकप्रिय केली ती नॉर्वेत जन्मलेल्या ओले एव्हिनरूड यांनी, अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरातून, १९०९ पासून. आमची मोटर मात्र इंग्लंडची निघाली, ब्रिटिश सीगल. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश नौदलाने याच कंपनीकडून हजारो मोटरी घेतल्या होत्या. वर झाकण नाही, दोरी गुंडाळून ओढायची, सगळे भाग उघड्यावर, त्यामुळे साधा मिस्त्रीही दुरुस्त करू शकतो. सीगलच्या नंबराची सुरुवातीची अक्षरं मॉडेल सांगतात. १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धापासून नंबराच्या शेवटी महिना आणि वर्ष दाखवणारी खूण येऊ लागली. आमच्या नंबराच्या शेवटी ती नव्हती, म्हणजे मोटर त्याआधीची.

मग मी अब्बांची वही काढली. ती उर्दूत आहे. मुलाला उर्दू वाचता येत नाही, म्हणून तो शेजारी बसला आणि मी बोट ठेवून वाचत गेले. नोव्हेंबर १९९२च्या पानावर नोंद सापडली. सीगल, पितळी टाकी, पुढे तोच नंबर, पुसलेल्या अक्षरासकट. कोळीवाड्यातल्या एका तांडेलाचं नाव. तक्रार: पाणी फेकत नाही, गरम होऊन बंद पडते. आणि शेवटी: पेशगी ३०० रुपये जमा.

त्यापुढची पानं कोरी आहेत. डिसेंबरमध्ये शहर पेटलं. मी तेव्हा बारा वर्षांची होते. अब्बांनी दुकानाला कुलूप लावून आम्हाला गावी नेलं, चार महिने आम्ही तिथेच होतो. परत आल्यावर दुकान पुन्हा उघडलंच नाही. अब्बा दुसऱ्याच्या गॅरेजमध्ये कामाला लागले आणि दुकानातलं सामान माळ्यावर गेलं. ते विसरले, की तोंड दाखवायला संकोचले, मला माहीत नाही. पण माल त्यांच्याकडे राहिला आणि पैसेही.

मुलगा म्हणाला, "अम्मी, तीस वर्षं झाली. आता कोण विचारणार आहे?"

विचारणारा आहेच. सूरह निसाच्या ५८व्या आयतीत अमानत तिच्या हकदाराला पोहोचवण्याचा हुकूम आहे. त्यात मुदत नाही, आणि हकदार कोणत्या धर्माचा याचीही अट नाही. हिजरतच्या वेळी मक्केचे लोक जिवावर उठलेले असताना, हुजूर सल्लल्लाहु अलैहि व सल्लम यांनी त्याच लोकांच्या ठेवी परत करण्यासाठी हजरत अली रजि. यांना मागे ठेवलं होतं. शिवाय मय्यतच्या मालाची वाटणी कर्ज फेडल्यानंतरच होते, हेही त्याच सूरहमध्ये आहे. अब्बांचं घर आम्ही वाटून घेतलं आणि हे कर्ज माळ्यावर राहिलं.

पेशगी कामाची होती, म्हणून काम पूर्ण करूनच मोटर द्यायची असं ठरलं. ओळखीचे एक जुने मिस्त्री मदतीला आले. पिस्टन अडकलेला होता. जोर लावला नाही. प्लग काढून त्या भोकातून डिझेल आणि पातळ तेल सोडलं आणि आठवडाभर थांबलो. फ्लायव्हील हाताने हळूच सरकलं, तेव्हा मुलगा ओरडलाच. मॅग्नेटोचे पॉइंट साफ केले, कार्ब्युरेटर खोलून धुतला, गिअरबॉक्समध्ये नवं जाड तेल भरलं.

अब्बांनी लिहिलेला दोष तसाच होता. सिलिंडरभोवती पाणी खेळायची वाट खाऱ्या पाण्याच्या मिठाने बुजली होती. पातळ सिरका थोडा थोडा वेळ ठेवून, मध्ये गोड्या पाण्याने धुऊन ती मोकळी केली. पेट्रोलमध्ये तेल किती घालायचं, हेही ओळखीवरच अवलंबून असतं. जुन्या सीगलला दहा भाग पेट्रोलला एक भाग तेल, नंतरच्यांना पंचवीसला एक. कमी पडलं तर बेअरिंग जळतं. पाण्याने भरलेल्या पिंपात मोटर उभी करून दोरी ओढली. सातव्यांदा ती निळा धूर सोडत सुरू झाली आणि भोकातून पाण्याची धार आली.

तांडेल हयात नाहीत. त्यांचा नातू मढच्या फेरीच्या धक्क्याजवळ भेटला. मी वहीचं पान पुढे केलं आणि वाचून दाखवलं. त्याला उर्दू येत नव्हती, पण आजोबांचं नाव ऐकल्यावर तो गप्प झाला. म्हणाला, "ताई, आजोबा म्हणायचे, मिस्त्री परत येईल, मशीन कुठं जात नाही." मग दुरुस्तीचे किती झाले असं विचारून त्याने खिशात हात घातला. मी म्हटलं, "दादा, पेशगी आधीच मिळाली आहे. उशीर आमच्याकडून झाला, माफ करा."

त्या रात्री वहीतल्या नोंदीखाली मी तारीख घातली आणि 'परत दिली' असं उर्दूत लिहिलं. मुलाने खाली मराठीत सही केली.

आपल्यापैकी कितीतरी घरांत वडील-आजोबा शिंपी, घड्याळजी, मिस्त्री होते. त्यांच्या पेट्या, माळे एकदा उतरवून बघा. आपली नसलेली वस्तू निघाली, तर विकण्याआधी तिची ओळख पटवा. आणि आज आपल्याकडे कुणाची ठेव असेल, तर कागदावर नाव-तारीख लिहून घरातल्या एकाला तरी सांगून ठेवा, त्याला वाचता येईल अशा लिपीत.

अल्लाह आपल्या मरहूमांचा हिशेब आसान करो. आमीन.