पहिला घास मोठ्यांचा

घरोघरी फराळाचे घमघमाट सुटले असताना हा अंक आपल्या हाती येत आहे. देवाला दाखवायचा नैवेद्य आपण आधी चाखत नाही. शाळेतल्या मुलांच्या जेवणाची रीत मात्र उलटी हवी. पहिला घास मोठ्यांनी खावा, मगच ताट मुलांपुढे जावे.

जुलै 2025 मध्ये बेळगाव जिल्ह्यात, सौंदत्ती तालुक्यातल्या हुलिकट्टी गावी सरकारी शाळेच्या पाण्याच्या टाकीत विषारी औषध मिसळले गेले. मुले आजारी पडली, सुदैवाने वाचली. मुख्याध्यापक मुसलमान, त्यांची बदली व्हावी म्हणून हा डाव रचला गेला, असे पोलिसांनी सांगितले आणि तिघांना अटक केली. मोठ्यांच्या द्वेषापायी लेकरांच्या पाण्यात विष कालवले जावे, याहून मोठे पाप नाही.

बिहारमधल्या गंडामन गावाने तर 16 जुलै 2013 रोजी 23 मुले गमावली. शाळेतल्या जेवणाच्या तेलात मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक होते. तेल नीट नसल्याची शंका स्वयंपाकिणीला आली होती, चव बिघडल्याचे मुलांनीही सांगितले होते, असे पुढे आले. त्यांचे कुणी ऐकले नाही.

विष मुद्दाम कालवलेले असो की हलगर्जीपणाने आलेले, मुलाच्या पोटात गेल्यावर दोन्ही सारखेच. त्याला अडवायचे उपायही साधेच आहेत. धान्याच्या खोलीला कुलूप आणि किल्ली एका जबाबदार हाती. टाकीला घट्ट झाकण, त्यालाही कुलूप. कीटकनाशकाचा रिकामा डबा शाळेच्या आवारातही नको. शिक्षकाने अन्न चाखून पाहावे, असा नियम आहेच. पण चव नोंदवहीतली सही जेवून केलेली असावी, जेवणाआधीच उरकलेली नव्हे. आणि तुटपुंज्या मानधनावर राबणारी स्वयंपाकीण ‘हे आज वाढायचं नाही’ म्हणाली, तर तो शब्द अखेरचा मानावा.

भीतीपोटी चूल बंद करणे हा उपाय नव्हे. 2001 साली सर्वोच्च न्यायालयाने शाळेत शिजवलेले अन्न देण्याचा आदेश दिला. कित्येक मुलांचे दिवसातले पोटभर जेवण तेच असते.

वाचकहो, दिवाळीची सुटी संपून शाळा उघडतील तेव्हा एका दुपारी गावातल्या शाळेत जा. टाकीचे झाकण पाहा, स्वयंपाकीणताईंची विचारपूस करा, आणि मुलांच्या आधी खिचडीचा एक घास खा.



— संपादक