सी म्हणजे क?
रविवारी खांदेश्वरहून लोकल पकडायची नसते, त्यामुळे खांदा कॉलनीत ताईकडे मी भाचीची इंग्लिश टीचर! पहिलीतली पोरगी 'कॅट' फाडफाड वाचते. सहज चित्रावर हात ठेवला, तर गाडी ठप्प. "सी, ए, टी... सीएटी?"

चूक तिची नव्हतीच. मराठीत 'क'चं नाव क, आवाजही क. इंग्लिशमध्ये नाव सी, आवाज क, आणि 'सिटी'त चक्क स! मराठी शाळांत पहिलीपासून इंग्लिश २००० साली आलं, घरी आपण मात्र अजून स्पेलिंगच घोकून घेतो. (मीसुद्धा!)

मग नावं सोडली, नुसते आवाज जोडले: क्-ॲ-ट्. तासाभराने तिने न शिकवलेलं 'मॅट' वाचलं. मग हळूच म्हणाली, "मावशी, वर्गात मी नुसते ओठ हलवते."