खुर्ची मंजूर, रॅम्प नामंजूर

मार्चअखेर झाली, दिव्यांगांसाठी राखीव पाच टक्के निधीच्या वाटपाचे कार्यक्रम उरकले आणि वाचकांची पत्रे सुरू झाली. यंदा बहुतेकांचे गाऱ्हाणे एकच आहे. शिरोळ तालुक्यातल्या एका कार्यकर्त्याने कळवलेली हकिकत पाहा. मज्जारज्जूला इजा झालेल्या एका तरुणीला ग्रामपंचायतीने स्वनिधीतून चाकाची खुर्ची दिली. घराचा उंबरा जमिनीपासून नऊ इंच, न्हाणीचा दरवाजा चोवीस इंच आणि खुर्ची सव्वीस इंच रुंद. तिने रॅम्पसाठी आणि दरवाजा रुंद करण्यासाठी अर्ज केला. उत्तर आले : घर खासगी आहे, त्यावर खर्च टाकता येत नाही, लेखापरीक्षणात आक्षेप निघेल. खुर्ची सोप्यात घडी घालून ठेवली आहे. मुलीला अंघोळीला आजही भाऊच उचलून नेतो. तो कारखान्यात पाळीवर गेला, की ती तो परतेपर्यंत खोळंबते.

एकास बारा उताराने तिथे नऊ फुटांचा रॅम्प लागेल. गावातला गवंडी तो दोन दिवसांत बांधून देईल. पण त्याच्याकडे जीएसटीचे बिल नाही आणि तीन कोटेशने आणायची कुठून? खुर्ची खरेदी केली की बिल, लाभार्थी यादी, सही, फोटो असे सगळे फाइलला लागते. म्हणून खुर्च्याच खरेदी होतात. ज्याला एक मिळाली आहे, त्यालाही दुसरी मिळते.

रॅम्पची ही गत; मदतनिसाचा विषय काढला, तर साहेब लोक लेखाशीर्ष विचारतात. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याचे कलम ५ त्यांनी एकदा वाचावे. समाजात राहण्याचा हक्क आणि त्यासाठी घरपोच सेवा, वैयक्तिक मदतनीस हे सगळे त्यात लिहिलेले आहे. कायदा १९ एप्रिल २०१७ला अमलात आला; तेव्हापासूनची वर्षे मोजा. संजय गांधी योजनेतले दिव्यांगांचे अर्थसाहाय्य २०२५मध्ये अडीच हजार झाले, ते चांगलेच झाले. पण रोज सकाळी दोन तास कॅथेटर, शौच, अंघोळ, कपडे पाहणारा माणूस त्या पैशांत मिळत नाही. मग आई थकेपर्यंत आई, नंतर भावजय, आणि कोणीच उरले नाही की आपल्या दिव्यांग संस्थांच्या दारात अर्ज.

इथे आपल्याविषयीही बोलायला हवे. नसीमादीदी हुरजूक यांनी स्वतः चाकाच्या खुर्चीवर बसून १९८४मध्ये कोल्हापुरात ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ ही संस्था उभी केली, तेव्हा अपंगाने शिकावे, कमवावे आणि मानाने जगावे, ही जिद्द तिच्या मुळाशी होती. त्या कामाने या जिल्ह्याला वसतिगृह, शाळा, कार्यशाळा यांचा वस्तुपाठ दिला. पुढचा टप्पा आपला होता : वसतिगृहातून घरी गेलेल्या मुलामुलींचे घर त्यांना वापरता येते का, हे पाहण्याचा. किती संस्था घरी जाऊन टेप लावतात? आपल्या सभासदांतले अनेक जण मार्चमध्ये वाटपासाठी लाभार्थी जमवून देतात, व्यासपीठावर बसतात आणि एप्रिलमध्ये निधी वाया गेला म्हणून आम्हाला पत्र लिहितात. हे थांबले पाहिजे.

१ मेची ग्रामसभा तोंडावर आहे. त्याआधी प्रत्येक संस्थेने आपल्या परिसरातली पाच घरे मोजावीत. उंबऱ्याची उंची, दरवाजाची रुंदी, संडास कमोडचा की भारतीय, आधारदांडी कुठे हवी, दिवसातले किती तास माणूस लागतो, हे एका कागदावर लिहा. तो कागद त्या व्यक्तीच्या सहीने ग्रामसभेत मांडा, ठराव इतिवृत्तात घ्यायला लावा आणि गावाच्या विकास आराखड्यात नोंद करून घ्या. ग्रामपंचायत अधिकाऱ्याने नकार दिला, तर तो लेखी मागा. तोंडी नकारावर अपील होत नाही. ठराव आणि नकार, दोन्हींच्या प्रती आमच्याकडे पाठवा. त्या एकत्र करून आपण जिल्हा परिषदेत आणि दिव्यांग आयुक्तांकडे जाऊ. मार्चची वाट पाहू नका. आजच टेप घेऊन बाहेर पडा.