मेले, म्हणजे वर

वेलचेरीतील ज्या दुमजली घराच्या वरच्या मजल्यावर गेली अनेक वर्षे आमचे बिऱ्हाड आहे, त्या घराच्या तळमजल्यात डिसेंबर २०१५च्या महापुरात कमरेइतके पाणी शिरले, तेव्हा घरमालकीण मामींनी जी चीजवस्तू घाईघाईने जिन्याने वर पाठवली, तीत देवांच्या तसबिरी, तांदळाचा डबा आणि पितळी समया यांच्या जोडीला त्यांच्या दिवंगत यजमानांचा लेझर प्रिंटरही होता. पाणी ओसरले, भिंती वाळल्या, देव आपल्या जागी गेले. प्रिंटर मात्र आमच्या कपाटाच्या माथ्यावरच राहिला. पल्लीकरणैच्या पाणथळीला खेटून वाढलेल्या या वस्तीत तळमजल्याचा भरवसा धरू नये, हे मामींना पुरते उमगले होते. ‘मेलेये इरुक्कट्टुम्, सार,’ एवढेच त्या म्हणाल्या. तमिळमध्ये मेले म्हणजे वर, तेव्हा वरच असू द्या, इतकाच त्याचा अर्थ. पण मराठी कानाला तो शब्द निराळाच लागतो, आणि आमच्या घरात त्या दिवसापासून ते यंत्र मेले असेच धरून चालण्यात आले.

आणि ते धरणे अगदीच निराधार नव्हते. मामींचा संगणक खाली, यंत्र वर; यूएसबीची साधी तार ५ मीटरच्या पलीकडे इमान राखत नाही; यंत्रात वायफाय नाही. दुकानदाराकडे विचारणा केली, तर त्याने दयार्द्र मुद्रेने नव्या यंत्राचे माहितीपत्रक पुढे सरकवले. कागद ओढणारे रूळ शाबूत, शाईची पूड बाजारात उपलब्ध, छपाई काळीभोर, आणि तरीही केवळ निरोप पोहोचवणारा कोणी नाही म्हणून धडधाकट यंत्र मोडीत काढावयाचे, हा व्यवहार माझ्यासारख्या हिशेबखात्यात जन्म घालवलेल्या माणसाच्या गळी उतरेना.

तोड कन्येने काढली. घरात फायबरचे इंटरनेट आल्यापासून खणात पडून असलेला जुना राउटर तिने बाहेर काढला, कंपनीची मूळ आज्ञावली पुसून २००४ साली सुरू झालेली ओपनडब्ल्यूआरटी ही खुली प्रणाली त्यात भरली, आणि तिच्यावर पी-९१०-एनडी असे बंदिवानाच्या बिल्ल्यासारखे नाव असलेला एक चिमुकला कार्यक्रम बसवला. कचेरीच्या भाषेत सांगावयाचे तर हा निव्वळ शिपाई होय. ९१०० क्रमांकाच्या दारावर तो उभा राहतो, आलेले पुडके उघडून पाहत नाही, साठवून ठेवत नाही, जसेच्या तसे यंत्राच्या हवाली करतो. म्हणूनच त्याला स्मृती नाममात्र लागते आणि अडगळीतला राउटरही त्याच्या उदरनिर्वाहाला पुरतो.

पण शिपायाने सगळा कारभार निभत नाही. मामींना नोव्हेंबरात निवृत्तिवेतनासाठी लागणाऱ्या हयातीच्या दाखल्याची प्रत मोबाइलवरून छापावयाची होती, आणि मोबाइलला या जुन्या यंत्राची बोली येत नव्हती. येथे दुभाष्या कारकून हवा. तो कप्स या नावाने उपलब्ध आहे. मायकल स्वीट यांनी १९९७ साली त्याचे काम आरंभले, १९९९मध्ये तो प्रसिद्ध झाला, आणि २००७ साली ॲपलने त्याची मालकी घेतली तरी त्याची संहिता खुलीच राहिली. रास्पबेरी पाय या हातभर नव्हे, तळहाताएवढ्या फलकावर तो बसवला, की तो अर्जांची आवक बारनिशीत नोंदवतो, रांग लावतो, प्रत्येक कागद यंत्राच्या बोलीत उतरवतो, आणि घरातील प्रत्येक उपकरणाला ‘येथे छपाई होते’ अशी द्वाहीही फिरवतो.

आमच्या यंत्राची एक खोड येथे नमूद केलीच पाहिजे, कारण ती पाहिल्यावाचून या फलकाची थोरवी ध्यानात येत नाही. या जातीच्या स्वस्त यंत्रांत त्यांची स्वतःची आज्ञावली कायम वस्तीला नसते. वीज गेली की यंत्र आपण कोण हेच विसरते, आणि प्रत्येक वेळी कोणीतरी ती त्याच्या कानात नव्याने भरावी लागते. आमच्याकडे वीज गेली आणि परतली, की कपाटावर प्रथम हिरवा दिवा लुकलुकतो, मग रुळांची एक घरघर होते, आणि आमची सौभाग्यवती स्वयंपाकघरातून म्हणते, ‘उठला गं बाई!’ मधल्या क्षणात फलकाने यंत्र जागे झाल्याचे पाहून त्याला त्याचे नावगाव पुन्हा ऐकवलेले असते. या यंत्राची बोली कंपनीने जाहीर केली नव्हती. परक्या मुलखातील हौशी जाणत्यांनी तारेवरून जाणारे संदेश न्याहाळून ती उलगडली.

माझी तक्रार नेमकी येथे सुरू होते. तंत्राच्या इतिहासात हे गाऱ्हाणे जुने आहे: एमआयटीच्या प्रयोगशाळेत १९८०च्या सुमारास झेरॉक्सचा नवा प्रिंटर आला, कागद अडकल्याची वर्दी सर्वांना मिळावी म्हणून रिचर्ड स्टॉलमन यांना त्याची संहिता हवी होती, ती नाकारली गेली, आणि १९८३ साली त्यांनी मुक्त प्रणालीचा जो संकल्प जाहीर केला त्यामागे या नकाराचाही सल होता. आज नकाराची रीत अधिक सभ्य झाली आहे. यंत्राची बोली संगणकाला पुरवणारा ड्रायव्हर मागे घेतला जातो; सप्टेंबर २०२३मध्ये मायक्रोसॉफ्टने इतर कंपन्यांच्या प्रिंटर-ड्रायव्हरांना टप्प्याटप्प्याने रजा देण्याचे जाहीर केले. किंवा मधला परदेशी मुनीमच दुकान बंद करतो. गूगलची क्लाउड प्रिंट सेवा ३१ डिसेंबर २०२० रोजी थांबली. वरच्या मजल्यावरील यंत्राला द्यावयाचा हुकूम खालच्या मजल्यावरून निघून सातासमुद्रापलीकडील कोठीत दाखल व्हावा आणि तेथून परत वेलचेरीत यावा, ही द्राविडी प्राणायामाची रीत मला, द्रविड देशातच राहत असूनही, कधी पटली नाही.

आपल्या सरकारने २४ डिसेंबर २०२२ रोजी दुरुस्तीच्या हक्कासाठी संकेतस्थळ उघडले, आणि ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३पासून अमलात आणले. या नियमांचा रोख उत्पादकाने कचऱ्याच्या पुनर्चक्रीकरणाची हमी घ्यावी यावर आहे. वस्तू कचऱ्यात जाण्यापूर्वी तिचे आयुष्य वाढावे, यासाठी मात्र एक साधे कलम हवे. ज्या दिवशी कंपनी एखाद्या यंत्राचा ड्रायव्हर देणे बंद करील, त्या दिवशी तिने त्या यंत्राची बोली सरकारदफ्तरी रुजू करावी आणि ती सर्वांस खुली असावी. व्यापारी गुपित म्हणून आक्षेप येईल. पण जी वस्तू आपण विकत नाही आणि सांभाळतही नाही, तिचे गुपित कोणापासून राखावयाचे?

प्रत्येक घरात अशी कन्या असत नाही, हे मला मान्य आहे. आणि निष्काळजीपणाने बसवलेला कारकून घातकही ठरतो. शिपायाचे ते ९१०० क्रमांकाचे दार कोणालाही ओळख विचारत नाही, म्हणून ते घराच्या उंबरठ्याबाहेर उघडू नये; २०१८ साली जगभर असे उघडे राहिलेले हजारो प्रिंटर कोणा उपद्व्यापी माणसाने एका यूट्यूबवाल्याच्या जाहिराती छापण्यास जुंपले होते. सप्टेंबर २०२४मध्ये कप्सच्या एका सोबत्यातही मोठी भगदाडे सापडली. आमच्या कन्येने त्याच आठवड्यात डागडुजी केली.

मामी आता खाली झोपाळ्यावर बसून मोबाइलवरून छपाईचा हुकूम सोडतात. क्षणभराने वर घरघर होते, ऊबदार पान तबकात पडते, आणि खालून हाक येते, ‘सार, वंदुडुच्चा?’ आले का, असे त्या विचारतात. पान जिन्याने खाली नेणारा सर्व्हर अजून निघालेला नाही. म्हणून मी गॅलरीत जातो, भाजीवाल्यासाठी ठेवलेल्या दोरीच्या टोपलीत ते पान घालतो, वाऱ्याने उडू नये म्हणून वर एक लिंबू ठेवतो, आणि दोरी हळूहळू सैल सोडतो.