पाण्याची गाडी आणि उसाचा फड



१२ एप्रिल २०१६ च्या पहाटे मिरजेहून निघालेली पाण्याची पहिली गाडी लातूर स्थानकात शिरली. दहा टाक्या, सुमारे पाच लाख लिटर पाणी. पुढे पन्नास टाक्यांच्या, पंचवीस लाख लिटरच्या गाड्या धावू लागल्या. कोट्याच्या वर्कशॉपमध्ये टाक्या वाफेने धुणारे, मिरजेला त्या भरणारे, कुर्डुवाडी-बार्शी मार्गावर गाडीला वाट करून देणारे हात आपलेच होते. त्या कामाचा आम्हांला अभिमान आहे. पण या अभिमानाच्या आड कोणी आपली पापे झाकू पाहत असेल, तर ते आम्ही मुळीच चालू देणार नाही.

त्या उन्हाळ्यात मांजरा धरण कोरडे पडले होते. पाण्याच्या टाक्यांवर मारामाऱ्या होतील म्हणून लातुरात जमावबंदी लावावी लागली होती. राज्यकर्ते म्हणाले, पाऊस पडला नाही, निसर्ग कोपला. पाऊस कमी झाला हे खरेच आहे. पण लातूरचा सरासरी पाऊस साडेसातशे-आठशे मिलिमीटर आहे. वाळवंटाचा हा आकडा नव्हे. मग या जिल्ह्याला रेल्वेने पाणी पिण्याची पाळी का आली? आमचे उत्तर स्पष्ट आहे. पावसाने दगा दिला तो एक-दोन वर्षे. जमिनीच्या वापराचे धोरण तर तीस-चाळीस वर्षे दगा देत होते.

साधा हिशोब मांडू. पाटाने पाणी दिले तर एक हेक्टर उसाला वर्षाकाठी साधारण दोन कोटी लिटर पाणी लागते. म्हणजे पन्नास टाक्यांच्या आठ गाड्या! एका गाडीत भिजतो जेमतेम बारा गुंठे ऊस. आणि तीच गाडी लातूर शहराच्या पावणेचार लाखांवर लोकांत वाटली, तर माणशी सात लिटरही येत नाही. राज्यात पिकाखालच्या जमिनीपैकी चार टक्क्यांच्या आसपास जमिनीवर ऊस आहे आणि सिंचनाच्या पाण्यातला साठ-सत्तर टक्के वाटा तो पितो, असे सरकारी अहवालच सांगतात. हा निसर्गाचा कोप आहे की धोरणाचा?

मराठवाड्याची जमीन अशी नव्हती. ज्वारी, तूर, हरभरा, करडई ही इथली पिके. लातूरची डाळीची बाजारपेठ देशभर प्रसिद्ध. धरणाच्या आणि बोअरच्या पाण्यावर ऊस पसरला, कोरडवाहू रानात सोयाबीन आले आणि ज्वारी मागे हटली. ज्वारी गेली तसा कडबा गेला, कडब्यामागे गोठा रिकामा झाला आणि गोठ्यामागे शेणखत. राहिले ते बोअर पाडणारे यंत्र: पाचशे फूट, सातशे फूट, आणखी खोल. साठ मीटरपेक्षा खोल विहिरींना आवर घालण्याची तरतूद २००९ च्या भूजल कायद्यात आहे. पण कायदा कागदावर, आणि बोअर रानात!

इथे कोणी म्हणेल, तुम्ही पगारदार लोक, शेतकऱ्याला शहाणपण शिकवू नका. आम्ही शेतकऱ्याला दोष देतच नाही. आमच्यातले निम्मे त्याच घरांतून आले आहेत. शेतकरी ऊस लावतो, कारण उसाला ठरलेला दर आहे आणि घेणारा कारखाना आहे. डाळीला काय आहे? २०१६ साली पाऊस बरा झाला, सरकार म्हणाले तूर पेरा, आणि शेतकऱ्याने पेरली. हमीभाव बोनससह क्विंटलला ५,०५० रुपये होता. पीक बाजारात आले तेव्हा भाव त्याच्या कितीतरी खाली कोसळला. खरेदी केंद्रांवर बारदान नाही म्हणून तूर रस्त्यावर पडून राहिली. त्याच २०१६ च्या जुलैत सरकारने मोझांबिकहून डाळ आणण्याचा करार केला होता! मग शेतकरी उसाकडे वळला यात नवल ते काय? २०२१-२२ च्या हंगामात मराठवाड्यात ऊस इतका वाढला की मे उलटला तरी फडात उभा होता. पाण्याच्या गाडीचा धडा सहा वर्षेही टिकला नाही.

आणि ज्याला जमीनच नाही, त्याचे काय? बीड जिल्ह्यातल्या एखाद्या डाकसेवक बांधवाला विचारा. दिवाळीनंतर किती दारांना कुलूप लागते, हे त्याच्याइतके कोणाला ठाऊक नाही. ज्या उसाने गावाचे पाणी ओढले, तोच ऊस तोडायला ही माणसे कोयता घेऊन परमुलखात जातात.

उपाय नाहीत, असे कोणी सांगू नये. अहिल्यानगर जिल्ह्यातले हिवरे बाजार हे कमी पावसाचे गाव. तिथे माथ्यापासून पायथ्यापर्यंत पाणलोटाची कामे झाली. दरवर्षी किती पाऊस पडला ते मोजून पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडला जातो आणि त्यावर पिके ठरतात. शेतीसाठी बोअर नाही, ऊस नाही. उलट 'जलयुक्त शिवार'वर राज्याने साडेनऊ हजार कोटींहून अधिक खर्च केले, आणि भूजल वाढवण्यात योजनेचा फारसा परिणाम दिसला नाही, असे महालेखापरीक्षकांनी २०२० साली लिहून ठेवले. नुसते नाले खणून भागत नाही. अडवलेले पाणी कोणत्या पिकाला द्यायचे, हा प्रश्न टाळला की खणलेला नालाही उसालाच जातो.

१९७२ च्या दुष्काळातून या राज्याने रोजगार हमी उभी केली. २०१६ च्या दुष्काळातून काय उभे केले? गाडीपुढे काढलेले फोटो!

म्हणून आमच्या मागण्या अशा :

१. धरणात आधी पिण्याचे पाणी राखून ठेवा, मगच शेतीचे आवर्तन सोडा.
२. तुटीच्या खोऱ्यांत उसाच्या क्षेत्राला मर्यादा घाला. जो ऊस राहील तो ठिबकवरच राहू द्या.
३. ज्वारी, तूर, हरभऱ्याची हमीभावाने खरेदी हंगामभर करा. बारदानाची सबब चालणार नाही.
४. पाणलोटाची कामे मजुरांच्या हाताने, पुऱ्या मजुरीने करा आणि पाण्याच्या वाटपात भूमिहीनालाही हक्क द्या.

उद्या पुन्हा पाऊस हुकला, तर आम्ही पुन्हा गाडी नेऊ. तहानलेल्यासमोर रेल्वे कामगार हिशोब मांडत बसत नाही. पण गाडी पोहोचली की हिशोब मागू, आणि तो चुकता होईपर्यंत गप्प बसणार नाही.

कामगार-शेतकरी एकजुटीचा विजय असो!